नऊ पॉइंट दोन

विश्वंभरनं रिपोर्ट पाकिटात घातला
पण पाकीट चिकटवलं नाही.
"मामी, डी लईच कमी हाय. नऊ पॉइंट दोन.
तीसच्या वर पाहिजे."
अन् दुसरं काही, मी विचारलं.
"दुसरं म्हणजे?"
म्हणजे ते, ज्याचं नाव न घेता
अडीच वर्षं मी प्रत्येक कागद उलटून बघते.
"ते ह्याच्यात कळत नसतंय," तो म्हणाला
आणि पुढच्या माणसाच्या दंडाला रबर बांधायला लागला.

बाहेर उदगीर तापलेलं.
चौबाऱ्याजवळ डांबर चप्पल सोडेना,
हातगाड्यांखाली कुत्री.
एवढं ऊन पडून होतं रस्त्यावर, फुकट,
आणि माझ्या रक्तात नऊ पॉइंट दोन.

लातूरच्या डॉक्टरांची गोळी रात्री नऊला.
पाच वर्षं घ्यायची, अडीच झाली.
गाठीला उपाशी ठेवते म्हणे ती.
तिच्या पंक्तीला माझी हाडंही उपाशी.
सकाळी बोटं खळ दिलेल्या कापडासारखी,
घडी मोडायला दहा वाजतात.
सुईत दोरा ओवणं तर सोडूनच दिलं.
शमीमआपाची नात अलफिया शाळेला जाताना
सात सुया ओवून फोमच्या तुकड्याला टोचून जाते,
लाल, मोरपंखी, दोन काळ्या.
त्यावर माझा दिवस निघतो, फॉल, हूक, काजं.

दुखण्यांना मी गिऱ्हाइकांसारखी ओळखते.
गुडघ्याचं सकाळी येतं, चहा घेऊन जातं.
मनगटाचं उधारीवालं, बसूनच राहतं.
काखेतलं ऑपरेशनपासूनचं,
आभाळ आलं की नुसतं दारातून डोकावतं.
पण परवा मंगळवारी एक नवीन आलं,
डाव्या बरगडीत.
नाव सांगेना, माप देईना.
चार रात्री उभंच.
चार रात्री मी भिंतीकडे तोंड करून पडले,
व्यंकटला काही बोलले नाही.
तोही जागाच होता.

"आधी डी अन् बी ट्वेल्व्ह बघा,
मग स्कॅनचं ठरवू," डॉक्टर फोनवर म्हणाले होते.
ट्वेल्व्ह बरं निघालं.

खरं सांगू? 'कमी' हा शब्द घोळवत घोळवत
मेडिकलच्या पायरीवर मला हसूच आलं.
तेव्हा अंगात काही जास्तीचं होतं.
जास्तीचं कापावंच लागतं.
कमी पडलं तर जोड लावता येतो,
आतून, काखेत,
कुणाला दिसतसुद्धा नाही.

आठ पुड्या. एका पुडीत साठ हजार.
"साठ हजार?" धाकटी जाऊ फोनवर किंचाळली,
"पुन्हा?"
रुपये नव्हं गं बाई, युनिट.
दुधातून घ्यायची, दर रविवारी.

आता रोज अकराला गच्चीवर बसते,
कस्तुराबाईंच्या कुरडयांशेजारी, बाह्या वर सारून.
"काय करलालीस गं उन्हात?"
वाळत घातलंय स्वतःला.
"मग चिमण्या तरी हाण," त्या जिन्यातूनच म्हणतात.
मी हात उचलते. खांद्यापर्यंतच जातो.
चिमण्यांना तेवढा पुरतो.

बरगडीतलं अजून आहे.
स्कॅनची तारीख एकवीस मिळाली,
व्यंकटनं कॅलेंडरवर गोल केला
आणि पेन खिशात ठेवून तिथंच उभा राहिला.
काल रात्री मी त्या दुखण्याला पहिल्यांदा म्हटलं, बस.
कुणाची साडी घेऊन आलंस
ते एकवीसला बघू.
आज माझ्याकडे सुया सातच आहेत.